१,८२६ गोळ्यांचा हिशोब कोण ठेवणार?

ऑक्टोबर लागला की पुणं गुलाबी होतं. कंपन्यांच्या इमारतींवर गुलाबी दिवे लागतात, गुलाबी टी-शर्ट वाटले जातात, रविवारी सकाळी वॉकेथॉन निघतात, कुणी पाहुणी येऊन 'स्वतःची तपासणी स्वतः करा' असं सांगून जाते. त्यात वाईट काही नाही. गाठ लवकर सापडली तर बाई वाचण्याची शक्यता वाढते, हे खरंच आहे. आमचं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. नोव्हेंबर उजाडतो, दिवे उतरतात आणि जिचं ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक झाला, ती बाई हातात एक फाईल आणि गोळ्यांची पट्टी घेऊन ताडीवाला रोडला, जनता वसाहतीत, कासेवाडीत, रामटेकडीला आपल्या पत्र्याच्या खोलीत परत येते. तिथून पुढची पाच वर्षं तिच्याबरोबर कोण असतं? वॉकेथॉनमधलं कुणी नसतं. दवाखान्यातलं कुणी नसतं. आणि मित्रांनो, आपणही नसतो.

या पाच वर्षांबद्दल आम्हाला बोलायचं आहे.

आधी औषधाचं सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच कार्यकर्त्यांना 'कॅन्सर म्हणजे केमो' एवढंच माहीत असतं. स्तनाचा कर्करोग हा आज भारतातल्या बायकांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कर्करोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा २०२२ सालचा अंदाज असा की भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. यातल्या बऱ्याच जणींची गाठ शरीरातल्या हार्मोनवर पोसली जाते. रिपोर्टवर 'ईआर पॉझिटिव्ह' असं लिहिलेलं असतं ते हेच. अशा बाईला ऑपरेशननंतर रोज एक गोळी घ्यावी लागते. पाळी चालू असेल तर बहुतेक वेळा टॅमॉक्सिफेन, पाळी गेली असेल तर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल. रोज एक, पाच वर्षं. मधलं लीप वर्ष धरलं तर १,८२६ गोळ्या. 'अ‍ॅटलास' नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली छापून आले, तेव्हापासून काही जणींना टॅमॉक्सिफेन दहा वर्षंही दिलं जातं.

ही गोळी टॉनिक नाही. अशा गाठींमध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर त्या पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्मं होतं आणि पंधरा वर्षांचा हिशोब धरला तर या आजारानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात. जगभरातल्या चाचण्या एकत्र करून २०११ साली मांडलेला हा निष्कर्ष आहे. (जाता जाता: या गोळीचं मूळ रसायन १९६२ साली इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या बाईनं बनवलं. गुलाबी पोस्टरांवर तिचं नाव आम्हाला कधी दिसलं नाही.) औषध जुनं आहे, कर्करोगाच्या औषधांमध्ये ते स्वस्तात मोडतं, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. म्हणजे विज्ञानानं आपलं काम करून ठेवलेलं आहे. गोळी आहे, ती लागू पडते, ती परवडण्यासारखी आहे. आणि तरीही बाई तिसऱ्या वर्षी, दुसऱ्या वर्षी, कधी सहाव्या महिन्यातच गोळी बंद करते. मग गाठ परत येते, हाडात येते, फुफ्फुसात येते. तेव्हा फाईलवर एक शब्द लिहिला जातो: डिफॉल्टर.

या शब्दावर आमचा राग आहे.

कर्ज बुडवणाऱ्याला लावायचा हा शब्द. त्याचं मराठी रूप आपण वेगळ्या क्षेत्रात भरपूर ऐकलं आहे. आपल्या पोरी आठवीत, नववीत शाळेतून बाहेर पडल्या की शासकीय अहवालात लिहिलं जायचं 'गळती'. जणू पोरगी म्हणजे नळाचं पाणी, आपोआप गळालं. शाळा दूर होती, मास्तर जातीवरून बोलत होता, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, यातलं काही त्या शब्दात येत नव्हतं. आपल्या चळवळीनं तो शब्द उलटा करून विचारला: गळाली की ढकलली? तोच प्रश्न या फाईलला विचारायची वेळ आली आहे.

'वस्तीतल्या बायका अडाणी असतात, त्यांना औषधाचं महत्त्व कळत नाही' हे वाक्य आम्ही शिकल्यासवरलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यांना एक आकडा सांगायचा आहे. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनेंटे या मोठ्या आरोग्यविमा संस्थेच्या ८,७६९ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. विमा असलेल्या, श्रीमंत देशातल्या बायका. त्यांच्यापैकी पूर्ण मुदतीपर्यंत आणि नीट वेळेवर गोळी घेतलेल्या किती? ४९ टक्के. निम्म्याहूनही कमी. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ सालीच सांगून ठेवलं आहे की दीर्घकाळ चालणारी औषधं नियमित घेण्याचं प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्याची कारणं पाच ठिकाणी शोधायची असतात: रुग्णाची सामाजिक-आर्थिक स्थिती, आरोग्ययंत्रणा, आजार, औषध आणि मग रुग्ण. आपल्याकडे पहिली चार सोडून थेट पाचव्यावर बोट ठेवतात. अडाणीपणाचा मुद्दा तिथेच निकालात निघतो. कॅलिफोर्नियातली बाई अडाणी नव्हती.

आता तिचा दिवस बघू. पुण्यात कंत्राटी झाडूकाम कोण करतं, कचरा कोण वेचतं, चार-पाच घरची धुणीभांडी कोण करतं, हे या लेखाच्या वाचकाला सांगायला नको. पहाटे पाचला मुकादमाच्या हजेरीला उभं राहावं लागतं. सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळची. केसपेपरची रांग, डॉक्टरची रांग, औषधाच्या खिडकीची रांग. दुपार होते. म्हणजे खाडा. गोळ्या मिळतात महिन्याच्या. पाच वर्षांत साठ चकरा, साठ खाडे. खाडा झाला की मजुरी गेली, आणि चार-सहा खाड्यांनंतर मुकादम म्हणतो, 'मावशी, दुसरी बाई बघू का?' एक मावशी आम्हाला म्हणाल्या, 'गोळी फुकट हाय रे बाळा, पण ती आणायला दिवसाचा रोज जातो.' सगळा अर्थसंकल्प या एका वाक्यात आहे. आणि एवढं करून खिडकीवर पोचल्यावर जर ऐकायला मिळालं, 'आज स्टॉक नाही, पुढच्या सोमवारी या, नाहीतर बाहेरून घ्या', तर? या मावशींना ते लागोपाठ दोन वेळा ऐकावं लागलं. तिसऱ्या वेळी त्या गेल्याच नाहीत. डिफॉल्टर कोण?

औषधटंचाई ही एका खिडकीची गोष्ट नाही, राज्याची आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयातल्या मृत्यूंनंतर तो प्रश्न महाराष्ट्रभर गाजला. खरेदी आधी हाफकिनकडे होती, २०२३ मध्ये कायदा करून त्यासाठी वेगळं प्राधिकरण नेमलं. आता योजना बघा. महात्मा फुल्यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे, तिचं संरक्षण आता ५ लाखांपर्यंत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, पण ससून त्या विभागात येत नाही, ते वैद्यकीय शिक्षणाकडे आहे. महापालिकेची शहरी गरीब योजना आहे, तिचं कार्ड दरवर्षी नव्यानं काढायचं. केंद्राच्या पॅकेजच्या यादीत या हार्मोनच्या गोळ्यासुद्धा आहेत. म्हणजे कागदावर काही कमी नाही. पण या योजनांचा जीव आहे ऑपरेशनमध्ये, भरती झालेल्या रुग्णात, मोठ्या बिलात. ज्या उपचाराला खाट लागत नाही, सुई लागत नाही, ज्याचं बिल नगण्य आहे आणि जो पाच वर्षं चालतो, त्यात कुठल्याच रुग्णालयाला रस नसतो. ऑपरेशनच्या दिवशी आरोग्यमित्र शोधत येतो. सतराव्या महिन्यात त्याचा टेबलही सापडत नाही.

हे करता येत नाही असं शासनानं आम्हाला सांगू नये. कारण हेच शासन हे काम दुसऱ्या आजारात करून दाखवतं.

क्षयरोग घ्या. १९९७ पासून देशात 'डॉट्स' पद्धत आली. रुग्णाच्या घराजवळ औषध, कुणीतरी नेमलेलं माणूस गोळी देणार, गोळी चुकली तर घरी येऊन विचारणार. एप्रिल २०१८ पासून पोषणासाठी महिना ५०० रुपये खात्यात, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये. एचआयव्ही घ्या. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून मोफत औषध, प्रत्येक केंद्रात समुपदेशक, रुग्ण आला नाही तर फोन, फोन लागला नाही तर घरी भेट. दोन्हीकडे त्रुटी ढीगभर आहेत, औषधं तिथेही संपतात, हे आम्हाला माहीत आहे. पण तत्त्व तिथे मान्य झालेलं आहे: लांब पल्ल्याचं औषध चालू ठेवणं ही एकट्या रुग्णाची जबाबदारी नाही, यंत्रणेची आहे.

मग स्तनाच्या कर्करोगाच्या बाईला हे का नाही? आमचं उत्तर कडू आहे. क्षय खोकल्यातून पसरतो. ताडीवाला रोडवरच्या माणसाचा क्षय कोरेगाव पार्कात पोचू शकतो. एचआयव्हीचीही भीती सगळ्यांना होती. बाईच्या छातीतली गाठ कुणालाच लागत नाही. ती मेली तर एकटी मरते. फार तर तिची पोरं उघडी पडतात. ज्या आजाराची वरच्यांना भीती, त्याच्यासाठी यंत्रणा उभी राहते. ज्याची भीती नाही, त्याच्यासाठी गुलाबी रिबन. १८९७ च्या प्लेगमध्येही हेच पुण्यानं पाहिलं होतं. सत्ता घराघरात घुसली, ती साथ आटोक्यात आणायला, आणि तिच्या रीतीनं लोक रडकुंडीला आले. त्याच साथीत सावित्रीमाई मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या आणि १० मार्च १८९७ ला स्वतः प्लेगनं गेल्या. रुग्णाकडे बघायच्या दोन तऱ्हा याच शहरात, एकाच वर्षी. आपण कुठल्या तऱ्हेचे वारसदार म्हणवतो?

कामगार कायद्याचा एक मुद्दा इथे सांगायलाच हवा, कारण तो आपल्या तरुणांना माहीत नसतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्यासाठी प्रा. अदारकरांना नेमलं गेलं, १९४४ ला त्यांचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आपण याला 'ईएसआय' म्हणतो. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या, कायद्याच्या कक्षेतल्या कामगाराला तो लागू आहे. त्यात दीर्घ आजारांची एक यादी आहे, ३४ आजारांची, आणि त्यात कर्करोग आहे. दोन वर्षांची नोकरी आणि त्या काळात किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर अशा आजारात वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळते, दोन वर्षांपर्यंत. परत वाचा. खाडा न होता पैसे मिळतात. पुण्यात बिबवेवाडीला ईएसआयचं रुग्णालय आहे. किती कंत्राटी सफाई कामगार बायकांना हे माहीत आहे? कंत्राटदारानं पगारातून कापलं का, कापून भरलं का, कार्ड हातात दिलं का? ही गोळीचीच लढाई आहे. जयंतीला बाबासाहेबांच्या नावाचा जयघोष करणाऱ्या मंडळातल्या एकानं जरी आपल्या आईच्या, आत्याच्या, शेजारणीच्या ईएसआय नंबरवर वर्गणी जमा होते का हे मोबाईलवर तपासलं, तरी काम सुरू झालं.

घरकाम करणाऱ्या मावशींना मात्र ईएसआयचा आधार नाही. त्यांच्यासाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला आणि त्याचं पुढे काय झालं हे त्यांनाच विचारा.

सगळीच औषधं स्वस्त नाहीत, हेही मान्य करून पुढे जाऊ. 'हर-टू' प्रकारच्या गाठीला लागणारं ट्रास्टुझुमॅब २०१४ साली भारतीय कंपनीनं आपली आवृत्ती आणेपर्यंत गरिबाच्या आवाक्यातच नव्हतं, आजही सहज नाही. रायबोसिक्लिब या गोळीसाठी २०२२ साली केरळमधली एक रुग्ण बाई उच्च न्यायालयात गेली, पेटंट असलेलं औषध इतरांना बनवू द्या म्हणून. खटला चालू असतानाच ती वारली. शासनाच्या हातात सक्तीच्या परवान्याचं हत्यार आहे. २०१२ साली ते एकदा चाललं. मूत्रपिंड-यकृताच्या कर्करोगावरचं औषध महिना २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आलं. त्यानंतर ते म्यानातच आहे. यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

आता घरातलं बोलू. इथे आपल्या पुरुष कार्यकर्त्यांनी जरा कान द्यावा.

ही गोळी अंगात भट्टी पेटवते. टॅमॉक्सिफेननं एकदम गरम वाफा येतात, घाम फुटतो, रात्री झोप उडते, पाळी बिघडते, अंगावरून पांढरं जातं. लेट्रोझोलनं सांधे धरतात, बोटं सकाळी वळत नाहीत, हाडं ठिसूळ होतात. मे महिन्याच्या उन्हात झाडू मारणाऱ्या बाईला हे सोसायचं आहे. योनी कोरडी पडते, नवऱ्याजवळ जाणं नकोसं होतं, ते ती कुणालाच सांगू शकत नाही. डॉक्टरसमोर दोन मिनिटं मिळतात आणि मागे वीस माणसं उभी असतात. मग ती स्वतःच हिशोब करते. गाठ तर काढली, आता दुखत काही नाही, दुखतंय ते गोळीनं. मग गोळी बंद. हा हिशोब अडाणी नाही, तो अतिशय तर्कशुद्ध आहे. चुकलंय एवढंच की गोळी न दिसणाऱ्या गोष्टीशी लढते आहे, हे तिला कुणी नीट बसवून सांगितलेलं नाही. आणि गोळी सोडण्याआधी बरंच काही करता येतं, हेही सांगितलेलं नाही. एक गोळी सोसत नसेल तर डॉक्टर दुसरी देऊ शकतात. सांध्यांसाठी व्यायाम आहे, हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आहे, वाफांवर उपाय आहेत. मात्र मनानं दुसरी औषधं घेऊ नयेत. नैराश्यावरची काही औषधं, उदाहरणार्थ फ्लुओक्सेटीन आणि पॅरोक्सेटीन, टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात, म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं तरी ही गोळी चालू आहे हे सांगायचं. आणि पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त गेलं, किंवा पाय एकाएकी सुजून दुखायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना. हे प्रत्येक ताईला पाठ हवं.

आणि घरात काय होतं? आम्ही विहारात स्त्रीमुक्तीवर भाषणं देतो, मनुस्मृती दहनाचा दिवस पाळतो, आणि घरी बायको छातीचं ऑपरेशन होऊन आली की 'चारचौघांत बोलू नको' म्हणतो. तिच्या गोळ्यांचे पैसे पोराच्या बाईकच्या हप्त्यानंतर येतात. सासू म्हणते, 'रोज रोज गोळी खाऊन बाई खंगली.' नवरा दुसरं घर बघतो, असंही आम्ही पाहिलं आहे, आपल्याच माणसांत. ब्राह्मणी पितृसत्तेवर लेख लिहिणं सोपं आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यावर ठेवलेली गोळ्यांची पट्टी कधी संपते आहे ते बघणं जास्त अवघड दिसतं.

तेवढ्यात मोबाईलवर बुवा येतात. लिंबू, हळद, कडुलिंब, गोमूत्र. २०१९ साली भोपाळच्या उमेदवार प्रज्ञा ठाकूर यांनी आपला स्तनाचा कर्करोग गोमूत्रानं बरा झाल्याचा दावा केला, आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया केलेले डॉक्टर मग पुढे आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीचा आजार आहार, हळद, कडुलिंबानं हटल्याचं सांगितलं, तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांना सह्या करून पत्रक काढावं लागलं. दोघींनीही आधुनिक उपचार घेतले होते, हे विसरू नका. ऑपरेशन स्वतःसाठी, काढा जनतेसाठी. १९५४ च्या जादूटोणा उपचार जाहिरात कायद्याच्या यादीत कर्करोग आहे, म्हणजे तो बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करणंच गुन्हा. त्याखाली वस्तीतल्या किती पाटीवाल्यांवर कारवाई झाली? ज्या शहरात २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या, त्या शहरात या पाट्या उघड लागतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात असा काढा उकळत असेल, तर बोलायला आपणच जायला हवं.

उपाय म्हणून हल्ली काय सुचवतात? ॲप. रोज सकाळी एसएमएस: गोळी घेतली का? अमेरिकेत ७०० हून जास्त बायकांवर तीन वर्षं हा प्रयोग झाला, आठवड्यातून दोन संदेश. २०२० साली निकाल आला: काही फरक पडला नाही. पडणार कसा? ती विसरत नव्हतीच. तिला अडचण होती, आणि संदेश अडचण विचारत नाही.

काय चालतं, तेही त्याच देशात दिसलं आहे, आणि ते आपल्या जवळचं आहे. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच हार्लेम आहे, काळ्या लोकांची वस्ती. तिथल्या हार्लेम हॉस्पिटलमध्ये हॅरल्ड फ्रीमन नावाच्या काळ्या सर्जननं हिशोब मांडला: १९६४ ते १९८६ या काळातल्या ६०६ स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी पाच वर्षं जगल्या फक्त ३९ टक्के. बहुतेक काळ्या, गरीब, निम्म्यांना विमाच नाही. त्यांनी तपासणी स्वस्त-मोफत केली आणि १९९० पासून रुग्णाबरोबर वस्तीतलंच एक माणूस दिलं. कागद भरायला, तारीख लावायला, भीती ऐकायला, पुढच्या दारापर्यंत सोबत जायला. पुढच्या टप्प्यात, १९९५ ते २००० मधल्या ३२५ रुग्णांत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ७० टक्के झालं. दोन्ही गोष्टींचा तो परिणाम होता, एकट्या सोबतीचा नाही, पण सोबतीशिवाय तो झाला नसता. आज जगभर याला 'पेशंट नॅव्हिगेशन' म्हणतात. टाटा मेमोरियलनंही त्याचा अभ्यासक्रम सुरू केला आहे.

१९७२ साली आपण ब्लॅक पँथरकडून नाव घेतलं. दलित पँथरनं जे केलं ते इतिहासात आहे, त्यावर आम्ही बोट ठेवणार नाही. पण ब्लॅक पँथरचे वस्तीवस्तीत मोफत दवाखाने होते, सिकलसेलची तपासणी त्यांनी १९७१ पासून रस्त्यावर आणली, पोरांना सकाळचा नाश्ता दिला. ती अर्धी बाजू आपण घेतली नाही. पन्नास वर्षं झाली, अजून घेता येईल.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला: 'हे काम सरकारचं आहे, आपण केलं तर सरकार सुटतं.' बरोबर, काम सरकारचंच आहे. राज्यघटनेचं कलम ४७ सार्वजनिक आरोग्य हे शासनाचं आद्य कर्तव्य मानतं. पण मागणी करायला पुरावा लागतो. कुठल्या तारखेला, कुठल्या खिडकीवर, किती जणींना गोळी नाकारली, हे आपल्या वहीत नसेल तर मोर्चा काढून साहेबाला काय दाखवणार? ही वही आधी सोबत आहे, मग पुरावा आहे. दुसरा आक्षेप: 'ही एनजीओगिरी झाली, क्रांती नव्हे.' अशा भावांना एवढंच विचारतो की १९२८ साली मुंबई कायदे मंडळात गिरणीतल्या बाळंतिणींच्या पगारी रजेच्या विधेयकाच्या बाजूनं बाबासाहेब उभे राहिले, ती कुठली गिरी होती?

वस्तीतल्या बाईला हे जमेल का, अशी शंका असेल तर मुंबईचं उदाहरण घ्या. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून तिथल्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. डॉक्टरांनी नव्हे, थोडं प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी हातानं तपासणी केली. २०२१ साली निकाल आला: पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी. छाती तपासायला शिकता येतं, तर गोळ्यांची पट्टी मोजायला का नाही?

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक विहाराची महिला मंडळं आहेत, बचत गट आहेत, दर पौर्णिमेला बायका जमतात. पौर्णिमा म्हणजे महिन्यातून एकदा, आणि गोळ्याही महिन्याच्या. दोन तायांनी वही धरावी. वहीत आजार लिहायचा नाही, फक्त नाव आणि पट्टी कधी संपते ती तारीख. जिला नाव नको तिचा नंबर. वही विहाराच्या कपाटात कुलपात, गावभर चर्चा नाही. पट्टी संपायच्या आठवडाभर आधी तिच्या घरी जायचं, 'गोळी घेतली का' असं मास्तरकीनं विचारायचं नाही, 'काय त्रास होतोय' असं विचारायचं. रांगेत तिच्या जागी एक पोरगा उभा करायचा, दवाखाना मान्य करत असेल तिथे औषध त्यानं आणायचं. स्टॉक नसेल तर खिडकीवरून लेखी घ्यायचं, लेखी देत नसतील तर आपण तारीख-वेळ लिहायची. मध्ये खंड पडला तर जनऔषधी दुकानातून पट्टी घ्यायला मंडळाच्या फंडातून पैसे. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात किती पट्ट्या येतात याचा हिशोब प्रत्येक मंडळानं आपापल्या खजिनदाराला विचारावा. आम्ही आकडा सांगत नाही, भांडण होईल.

आणि शासनाकडे, महापालिकेकडे मागायचं ते असं: स्थिर रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, म्हणजे साठ चकरांच्या वीस होतील. कमला नेहरूसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत आणि वस्तीजवळच्या दवाखान्यांत या तीन गोळ्या ठेवा, त्यांना तज्ज्ञ लागत नाही, कपाट लागतं. आठवड्यातून एक ओपीडी संध्याकाळी. कंत्राटी कामगाराला दवाखान्याच्या दिवसाचा खाडा धरू नका, तसं कंत्राटातच लिहा. आणि क्षयरोगासारखा या रुग्णांना महिन्याचा भत्ता द्या. यातलं एकही कलम असं नाही की ज्यासाठी दिल्लीला जावं लागेल.

येत्या १० मार्चला, सावित्रीमाईंच्या स्मृतिदिनी, पुण्यातल्या प्रत्येक वस्तीतून दोन तायांनी आणि एका भावानं आपापल्या विहारात बसावं. हार आणला नाही तरी चालेल. शंभर पानी वही, एक पेन आणि वस्तीतल्या ज्या बायकांची फाईल आपल्याला माहीत आहे त्यांची नावं आठवून यावीत. ज्यांच्या घरी अशी फाईल आहे त्यांनी ती पिशवीतून काढून रिपोर्टवर 'ईआर' पुढे काय लिहिलं आहे ते बघून यावं, आणि शेवटची पट्टी कधी संपली तेही.

जय भीम!